मुरलेल्या काळाचे मालक

मराठी मध्यमवर्गीय घरात ब्रँडीची बाटली असलीच, तर ती औषधांच्या कपाटात, निलगिरीच्या तेलाशेजारी असे. हिवाळ्यात छाती भरली की कोमट पाण्यातून चमचाभर. बाळंतिणीला, थकलेल्या आजोबांना, कधी तान्ह्या मुलालाही थेंबभर. एरवी दारूचे नाव काढू न देणाऱ्या घरांनी ब्रँडीला ही सवलत दिली होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळण्याची वाट ठेवलेली होतीच. वैद्यकशास्त्राने ही सवलत केव्हाच काढून घेतली आहे. ब्रँडीने ऊब वाटते ती त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे. शरीरातली उष्णता त्याने वाढत नाही, उलट बाहेर पडते. मद्याचे निर्धोक म्हणावे असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले. तेव्हा पुढचा मजकूर कोणाच्या हाती पेला देण्यासाठी लिहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

कपाटातल्या त्या बाटलीत द्राक्ष किती होते, हा प्रश्न मात्र आपण कधी विचारला नाही. ब्रँडी हा शब्द डच भाषेतल्या 'ब्रांडेवाइन'वरून आला. त्याचा अर्थ जाळलेली, म्हणजे विस्तवावर गाळलेली वाइन. युरोपच्या कायद्यात आजही वाइन गाळून, ओकच्या लाकडात मुरवून केलेल्या मद्यालाच ब्रँडी म्हणता येते. आपल्याकडे, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, ब्रँडी म्हणून जे प्रचंड प्रमाणात खपते त्यातले बहुतेक उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलात रंग, वास आणि द्राक्षाचा नावापुरता अंश मिसळून तयार होते. युरोपात ते ब्रँडी या नावाने विकता येत नाही.

हे आज आठवण्याचे कारण व्यापाराचे आहे. २७ जानेवारी २०२६ रोजी भारत आणि युरोपीय संघ यांनी मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. गाळलेल्या मद्यांवरील दीडशे टक्क्यांपर्यंत जाणारे आयात शुल्क चाळीस टक्क्यांवर आणण्याचे त्यात ठरले आहे. आपल्याकडे चर्चा झाली ती मोटारींची आणि वाइनची. पण युरोपच्या दक्षिण टोकाला एक वस्तू अशी आहे की जिच्याकडे पाहिले असता खुल्या बाजारात जुन्या कसबाचे नेमके काय होते, हे फार स्पष्ट दिसते. ही वस्तू म्हणजे शेरीच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरवलेली, साखर न घातलेली स्पॅनिश ब्रँडी. ती दुर्मिळ आहे आणि आणखी दुर्मिळ होत चालली आहे. याचे कारण ती वाईट आहे किंवा तिला गिऱ्हाईक नाही, असे नाही. तिला लागतो तो वेळ परवडणारे मालक उरले नाहीत.

स्पेनच्या नकाशात अगदी खाली, कादिझ प्रांतात हेरेस दे ला फ्रोंतेरा हे शहर आहे. अरब त्याला शेरिश म्हणत. इंग्रजांनी त्यावरून शेरी हे नाव उचलले. ऊर्ध्वपातनाचे तंत्रही अरबांबरोबरच इथे आले. गाळण्याच्या भांड्याला स्पॅनिशमध्ये आजही 'अलांबिके' आणि 'अल्कितारा' म्हणतात. शब्दांच्या सुरुवातीचा 'अल' बोलका आहे. हेरेस, एल पुएर्तो दे सांता मारिया आणि सानलुकार दे बारामेदा या तीन गावांच्या पट्ट्यात मुरलेल्या ब्रँडीलाच 'ब्रँडी दे हेरेस' हे नाव लावता येते.

मुरवण्याची जागा म्हणजे बोदेगा. बाहेरून देवळासारखी उंच, आत जाड भिंती, उंचावर लहान खिडक्या आणि त्यांवर गवताच्या चटया. जमिनीवर पिवळसर वाळू. उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडतात. आपल्याकडे माठाखाली ओली वाळू ठेवतात त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे सारे घरच माठ झाले आहे. अटलांटिककडून येणारा दमट 'पोनिएंते' वारा आत यावा आणि पूर्वेचा तापलेला 'लेवांते' बाहेर राहावा, अशी सारी रचना. आत काळ्या रंगाने रंगवलेली, साधारण पाचशे लिटरची अमेरिकन ओकची पिंपे एकावर एक रचलेली असतात. त्यांत आधी वर्षानुवर्षे शेरी राहिलेली असते आणि तिचा अर्क लाकडात भिनलेला असतो.

या रचनेलाच 'सोलेरा' पद्धत म्हणतात, आणि मराठी वाचकाला ती समजायला काहीच अवघड नाही. आपण कालच्या दह्याने आजचे दूध विरजतो. आजच्यातले थोडे उद्यासाठी ठेवतो. घरातले विरजण नेमके किती जुने, हे कोणी सांगू शकत नाही. सासूबाईंनी दिलेले, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी दिलेले. सोलेरात तेच होते. सर्वांत जुनी ब्रँडी जमिनीलगतच्या रांगेत. 'सुएलो' म्हणजे जमीन, त्यावरून सोलेरा. तिच्यातून थोडाच भाग बाटल्यांसाठी काढायचा. जेवढा काढला तेवढा वरच्या रांगेतून भरायचा, त्या रांगेत तिच्या वरच्या रांगेतून, आणि सर्वांत वरती नवे मद्य ओतायचे. वरच्या रांगांना 'क्रियादेरा', म्हणजे बालसंगोपनाची जागा, म्हणतात! नवे जुन्यात मिसळते आणि जुन्याचे वळण घेते. पिंप कधीच रिकामे होत नाही, म्हणून पहिल्या दिवसाचा काही अंश, कितीही सूक्ष्म असो, त्यात राहतोच.

यातून एक गोष्ट निघते, ती गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावी. अशा बाटलीला एकच एक वय नसते. असते ते सरासरी वय. लेबलवर एकोणिसाव्या शतकातले एखादे साल ठळक छापलेले असेल, तर बहुधा ते सोलेरा कधी मांडली त्याचे, नाहीतर घराणे कधी स्थापन झाले त्याचे असते. आतले मद्य त्या सालचे नसते.

ब्रँडी दे हेरेसच्या जन्माची एक कथा तिथे सर्रास सांगितली जाते. डच व्यापारी स्पेनमधून गाळलेले कच्चे मद्य मोठ्या प्रमाणात नेत. ते इतके की अशा मद्याला 'ओलांदास', म्हणजे हॉलंडवाले, असेच नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एका डच ग्राहकाने दोमेक घराण्याकडे पाचशे पिंपांची मागणी नोंदवली आणि माल उचललाच नाही. तो शेरीच्या रिकाम्या पिंपांत भरून ठेवला गेला. काही वर्षांनी कोणी पाहिले तर पाण्यासारखे मद्य तांबूस सोनेरी झालेले, आणि त्याला वेगळाच गंध. दोमेकनी १८७४ मध्ये ते 'फुंदादोर', म्हणजे संस्थापक, या नावाने बाजारात आणले. कथेला घराण्याच्या जाहिरातीचा वास येतो हे खरे, पण तिचा गाभा पटण्याजोगा आहे. हा धंदा न विकलेल्या मालातून आणि थांबावे लागल्यातून जन्मला.

कच्चे मद्य मात्र बहुतेक वेळा हेरेसचे नसते, हेही सांगायला हवे. ते येते ला मांचाच्या पठारावरून, डॉन किहोटेच्या पवनचक्क्यांच्या मुलखातून. तिथे ऐरेन जातीच्या द्राक्षांचे मैलोन्‌मैल मळे आहेत आणि तोमेयोसो गावात ते गाळले जाते. हेरेसची पालोमिनो द्राक्षे शेरीसाठी राखलेली. याला लक्षणीय अपवाद 'लेपांतो' या ब्रँडीचा. गोन्सालेस बियास ही कंपनी ती हेरेसच्याच पालोमिनोपासून गाळते. (लेपांतो हे १५७१ च्या सागरी युद्धाचे नाव. त्या युद्धात सर्व्हांतेसचा डावा हात कायमचा निकामी झाला. उजवा वाचला म्हणून आपल्याला किहोटे मिळाला.)

आता साखरेकडे येऊ, कारण खरे भांडण तिथेच आहे. वाइनच्या भाषेत 'ड्राय' म्हणजे गोडी नसलेली. मराठीत कोरडी म्हटले तर लोकांना ड्राय डे आठवायचा. म्हणून बिनसाखरेची म्हणू. गाळलेल्या मद्यात साखर मुळीच नसते. पण युरोपच्या नियमांनुसार ब्रँडीची चव 'गोलाईला आणण्यासाठी' लिटरमागे ३५ ग्रॅमपर्यंत गोडी घालता येते. रंगासाठी जळकी साखर चालते. आलुबुखार, अक्रोड, बदामाच्या टरफलांचे मुरवलेले अर्क घालण्याची जुनी रीतही मान्य आहे. पिंप पेद्रो हिमेनेसचे, म्हणजे काकवीसारख्या दाट शेरीचे असेल तर गोडवा आणखी.

यात काही लबाडी नाही. अनेकांना ती चव आवडते. पण एक परिणाम अटळ आहे. पाच वर्षांच्या ब्रँडीत साखर, रंग आणि अर्क घातले की जिभेला ती पंधरा वर्षांची वाटू लागते. लाकूड आणि काळ जे काम सावकाश करतात, त्याची नक्कल एका दुपारी होते. बिनसाखरेच्या ब्रँडीला ही पळवाट नाही. ती कमी मुरली असेल तर घशाला लगेच कळते. ती करायची तर थांबावेच लागते.

कायदा काय सांगतो? ब्रँडी दे हेरेससाठी नियामक परिषद स्थापन झाली ती ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. तिच्या नियमांनुसार साध्या 'सोलेरा'ला किमान सहा महिने, 'रेसेर्वा'ला एक वर्ष आणि सर्वोच्च 'ग्रान रेसेर्वा'ला तीन वर्षे मुरवणे सक्तीचे. चांगली घराणी ग्रान रेसेर्वाला दहा-बारा वर्षे सहज देत आली आहेत. काही पिंपे त्याहून कितीतरी जुनी आहेत. पण तीन वर्षे आणि तीस वर्षे या दोन्हींच्या लेबलवर शब्द तेच. जो थांबला त्याला थांबल्याचा वेगळा दाखला कायदा देत नाही. जागा राखली, लाकूड राखले, पद्धत राखली. सबुरी ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडली.

एके काळी ती मर्जी होती, कारण तळाशी मोठा खप होता. फ्रँकोच्या राजवटीत आणि नंतरही काही वर्षे ब्रँडी हे स्पेनचे घरगुती मद्य होते. लोक तिला 'कोन्याक'च म्हणत. फ्रेंच त्यावर चिडत. सकाळच्या कॉफीत ती पडे, कामगाराच्या न्याहारीबरोबर ती असे. हमरस्त्यांच्या कडेने टेकड्यांवर उभा असलेला तो प्रचंड काळा बैल, जो आता स्पेनचे चिन्हच झाला आहे, मुळात ओस्बोर्न कंपनीच्या 'वेतेरानो' ब्रँडीची जाहिरात होता. मानोलो प्रिएतो या चित्रकाराने तो १९५६ मध्ये रेखाटला. १९८८ मध्ये रस्त्यालगतच्या जाहिरातींवर बंदी आली तेव्हा कंपनीने बैलावरचे नाव पुसून टाकले. पुढे बैलच हटवण्याचा प्रश्न आला, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला देशाच्या निसर्गदृश्याचा भाग मानून अभय दिले. बैल वाचला. ज्या ब्रँडीसाठी तो उभा केला होता तिचा खप मात्र ओसरत गेला. 'सोबेरानो' ब्रँडीच्या जुन्या जाहिराती 'ही पुरुषांची गोष्ट आहे' असे अभिमानाने सांगत. लोकशाहीत वाढलेल्या मुलामुलींना ब्रँडी म्हणजे बापाच्या पिढीचे, हुकुमशाहीच्या काळातले पेय वाटू लागले. ती व्हिस्कीकडे, रमकडे आणि पुढे जिनकडे वळली.

खप घटला की साठा ही संपत्ती न राहता ओझे होतो, आणि मग त्या साठ्यावर पैशाचे खेळ सुरू होतात. हेरेसने असा खेळ दोनदा पाहिला. होसे मारिया रुइस-मातेओस या गृहस्थाने शेरीच्या निर्यातीतून सुरुवात करून 'रुमासा' नावाचे साम्राज्य उभारले. शेकडो कंपन्या, डझनाहून अधिक बँका आणि हेरेसमधली एकापाठोपाठ एक गिळलेली जुनी घराणी. २३ फेब्रुवारी १९८३ रोजी फेलिपे गोन्सालेस यांच्या समाजवादी सरकारने वटहुकूम काढून ते सारे ताब्यात घेतले आणि नंतर तुकड्यातुकड्यांनी विकले. काही वर्षांनी त्याच कुटुंबाने 'नुएवा रुमासा' उभी केली आणि २००९ पासून वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती देऊन सामान्य लोकांकडून पैसे घेतले. व्याज आठ ते दहा टक्के. तारण म्हणून दाखवला होता तो गार्वे बोदेगांतील मुरलेल्या मद्याचा साठा. भांडवल बाजाराच्या नियामकाने पुन्हा पुन्हा सावधगिरीचे इशारे दिले. २०११ मध्ये समूह दिवाळखोरीत गेला आणि हजारो ठेवीदार बुडाले. आपल्याकडच्या पतसंस्थांच्या दारापुढल्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना निराळे वर्णन करून सांगायला नको. पिंपातला काळ गहाण टाकता येतो; पण पैसे परत मागायची वेळ आली की तो काळ विकायला पुन्हा काळच लागतो.

दोमेक घराण्याची गोष्ट कमी नाट्यमय, पण अधिक बोधक आहे. १७३० पासूनचा वारसा सांगणारे हे हेरेसचे सर्वांत जुने घराणे. १९९४ मध्ये ते ब्रिटिश 'अलाइड लायन्स'मध्ये विलीन झाले आणि 'अलाइड दोमेक' बनले. २००५ मध्ये फ्रेंच 'पेर्नो रिकार'ने ही कंपनी घेतली, तेव्हा वाटणीत फुंदादोर अमेरिकन मालकाकडे गेली. २०१४ मध्ये जपानच्या 'सनटोरी'ने तो अमेरिकन व्यवसायच, म्हणजे 'बीम', विकत घेतला. आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये फिलिपिन्सच्या अँड्र्यू टॅन यांच्या 'एंपेराडोर' कंपनीने २७ कोटी ५० लाख युरो मोजून फुंदादोर, तेरी, हार्वीज आणि त्यांच्या बोदेगा घेतल्याचे जाहीर झाले. वीस-बावीस वर्षांत पाच देशांचे मालक. पिंपांतली जुनी ब्रँडी त्या मुदतीत जेमतेम प्रौढ झाली असेल.

या व्यवहारात इतिहासाचा काव्यगत न्याय आहे, हे नाकारता येत नाही. फिलिपिन्सवर स्पेनने १५६५ पासून १८९८ पर्यंत राज्य केले. ब्रँडीची सवय तिथे त्याच राज्यकर्त्यांनी लावली. १९९० मध्ये बाजारात आलेल्या एंपेराडोर या स्वस्त, सौम्य ब्रँडीने मनिलात इतका खप मिळवला की ती कंपनी खपाच्या आकड्यांत जगातली सर्वांत मोठी ब्रँडीउत्पादक ठरली. आणि मग जुन्या धन्याची वखारच गुलामाने विकत घेतली. भारताशीही या कंपनीचा संबंध येऊन गेला आहे. विजय मल्ल्या यांच्या समूहाने २००७ मध्ये ५९ कोटी ५० लाख पौंडांना घेतलेली स्कॉटलंडची 'व्हाइट अँड मकाय' ही व्हिस्की कंपनी २०१४ मध्ये विकावी लागली, तेव्हा ती ४३ कोटी पौंडांना घेणारेही हेच टॅन. आपल्या उद्योगपतीला ती मिरवण्यासाठी हवी होती, असे मला नेहमी वाटत आले आहे. टॅन यांना हवा होता तो मुरलेला साठा. पैसा असला की भट्टी वर्षभरात उभारता येते. वीस वर्षांचा साठा उभारायला वीस वर्षेच लागतात, किंवा तो दुसऱ्याकडून घ्यावा लागतो.

फिलिपिनी मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. अनेक बोदेगा बंद पडत असताना त्यांनी पैसा घातला. पण मनिलाच्या बाजाराला लागणारी ब्रँडी सौम्य, गोडसर आणि स्वस्त असते, आणि मोठी कंपनी मोठ्या बाजाराच्या जिभेने चव घेते. त्यात बिनसाखरेच्या, तीस वर्षांच्या ब्रँडीला जागा उरते ती मुठीएवढी.

दुसरा ओढा स्कॉटलंडचा. पूर्वी शेरी पिंपांतून इंग्लंडला जाई आणि रिकामी पिंपे व्हिस्कीवाले स्वस्तात घेत. ऐंशीच्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटल्यांत भरण्याचा दंडक आला आणि रिकाम्या पिंपांचा हा प्रवाह आटला. दरम्यान शेरीच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीला जगभर प्रतिष्ठा आली. आता हेरेसमध्ये केवळ व्हिस्कीसाठी नवी पिंपे घडवली जातात. त्यांत वर्ष-दोन वर्षे शेरी भरून ठेवतात आणि मग पिंप परदेशी धाडतात. ती शेरी अनेकदा पिण्यासाठी नसतेच. ती फिरून वापरली जाते किंवा व्हिनेगरसाठी, गाळण्यासाठी जाते. म्हणजे पूर्वी वाइनसाठी पिंप होते, आता पिंपासाठी वाइन आहे! 'मकॅलन' व्हिस्कीची मालक असलेल्या एडरिंग्टनने २०२३ मध्ये हेरेसच्या एस्तेवेस समूहात निम्मा वाटा घेतला, तो यासाठीच. पिंपे करणाऱ्यांना, गावातल्या तरुणांना काम मिळाले, हे चांगलेच झाले. पण बोदेगाच्या छपराखालची जागा तेवढीच असते. दोन वर्षांत रोख पैसे देणारे पिंप आणि तीस वर्षे काहीच न देणारे पिंप शेजारी शेजारी ठेवले, तर हिशेबनीस कोणत्या पिंपाकडे बोट दाखवील?

हिशेब आपणही मांडून पाहू. समजा पाचशे लिटरचे एक पिंप पंचवीस वर्षे ठेवले. लाकडातून दरवर्षी थोडे मद्य उडून जाते. वर्षाला चार टक्के धरले तर पंचवीस वर्षांनी उरतात सुमारे १८० लिटर. त्यात गुंतलेले पैसे बँकेत मुदत ठेवीत सात टक्क्यांनी ठेवले असते तर तेवढ्याच काळात साडेपाच पटींच्या आसपास गेले असते. म्हणजे उरलेल्या प्रत्येक लिटरला, केवळ तोटा होऊ नये म्हणून, मूळ खर्चाच्या पंधरा पट किंमत यायला हवी. जागेचे भाडे, माणसांचे पगार, बाटली आणि कर वेगळेच. घराणी हा हिशेब मांडत नसत, कारण आजोबांनी भरलेले पिंप नातवाला फुकटच मिळे आणि नातू आपल्या नातवासाठी भरे. कंपनीला नातू नसतो. तिला दर तिमाहीचा ताळेबंद असतो.

तरीही काही हट्टी माणसे आहेत. यान पेटरसेन हे नॉर्वेजियन गृहस्थ १९९९ मध्ये 'रेय फेर्नांदो दे कास्तिया' या लहानशा बोदेगाचे सूत्रधार झाले आणि साखर व अर्क न घालता जुनी ब्रँडी बाटलीत भरण्याचा आग्रह त्यांनी धरला. हेरेसच्या परंपरेतली ही सर्वांत शुद्ध चव राखणारा माणूस उत्तर ध्रुवाजवळच्या देशातून यावा, ही गंमतच. अशा बाटल्या थोड्या निघतात, महाग असतात आणि जाणकारांत वाटल्या जातात. उद्योग म्हणून त्यांवर गाव चालत नाही.

तिसरा धोका दूरच्या भांडणांचा. युरोपने चिनी विजेरी मोटारींवर जादा शुल्क लावायचे ठरवले, तेव्हा चीनने युरोपीय ब्रँडीची चौकशी सुरू केली. रोख फ्रेंच कोन्याकवर होता, पण कक्षेत सगळ्या युरोपची ब्रँडी आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोटारींच्या प्रश्नावर ब्रसेल्समध्ये मतदान झाले, त्यात स्पेन तटस्थ राहिला. त्याचा उपयोग झाला नाही. जुलै २०२५ पासून चीनने पाच वर्षांसाठी २७.७ ते ३४.९ टक्के शुल्क लागू केले. ठरलेल्या किमतीखाली न विकण्याची हमी देणाऱ्या कंपन्यांनाच त्यातून सूट मिळाली. १९९५ मध्ये ज्याने पिंप भरले, त्याने ते २०२५ मध्ये विजेरी मोटारीच्या भांडणात अडकेल असे कोणत्या हिशेबाने ओळखायचे होते?

भौगोलिक मानांकनाचे आपल्याकडे सध्या मोठे कौतुक आहे. गोव्याच्या काजू फेणीला ते २००९ मध्ये मिळाले, कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये. नावाची चोरी थांबावी म्हणून ते हवेच. हेरेसचा अनुभव असा की नाव सुरक्षित झाल्यावरही आतली वस्तू हळूहळू बदलू शकते, आणि कागदावर सारे काही नियमांत बसते. मानांकन किमान अट ठरवते. मोठा मालक त्या किमान अटीपाशी येऊन थांबतो, आणि त्याहून जास्त करणारा लहान माणूस त्याच नावाखाली महागडा ठरतो. सरासरी वय आणि घातलेली साखर लेबलवर छापणे सक्तीचे केले, तर निदान गिऱ्हाइकाला फरक कळेल. हा उपाय खर्चाचा नाही. तो होत नाही, कारण ज्यांचा खप मोठा आहे त्यांना तो नको असणार, हे उघड आहे.

भारताशी झालेला करार प्रत्यक्ष अमलात येईल तेव्हा आपल्या दुकानांतही स्पॅनिश ब्रँडी अधिक दिसू लागेल. राज्यांचा अबकारी कर वेगळा आहे आणि तो राज्यांच्याच हाती राहणार, त्यामुळे किमती एकदम कोसळतील असे कोणी समजू नये. येतील त्यात बहुतेक गोडसर, मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या असतील. जुन्या सोलेरातला माल इतका थोडा आहे की तो माद्रिदलाच पुरत नाही. दोन्हींवर सोनेरी अक्षरे सारखीच असतील. आत साखर किती, हे मात्र बाटलीवरून कळणार नाही. बिस्किटाच्या पुड्यावर जी माहिती छापावी लागते ती ब्रँडीच्या बाटलीवर छापण्याचे बंधन खुद्द युरोपीय संघातही नाही.